भेगेवरचा पुदिना

पुदिना जमिनीत लावू नका, कुंडीत लावा, असं मी मागेल त्याला सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारीचा हात बागेत मुरलेला आहे. पुदिना माजतो, शेजारच्या झाडाला जगू देत नाही, म्हणून सांगत असेल. तेही खरंच आहे. माझ्या गॅलरीत आज पुदिना आहे, पानओवा आहे, गवती चहा आहे, ब्राह्मी आहे, आणि सगळे एकमेकांपासून लांब, आपापल्या कुंडीत आहेत. पण जमिनीतला पुदिना मला बघवत नाही त्याचं कारण वेगळं. माझ्या मुलांना एवढंच ठाऊक आहे की आईचं माहेरचं घर दरडीखाली गेलं. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्या घरात काय चाललं होतं, ते मी कधी कोणाला नीटसं सांगितलेलं नाही. ते आता लिहून ठेवते.

आमचं घर भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या डोंगराच्या पोटाशी होतं. डोंगर कापून घरापुरती सपाटी काढलेली. पुढे अंगण, अंगणाच्या कडेला रचलेल्या दगडांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे माडांच्या शेंड्यांवरून दिसणारं खाडीचं पाणी. मागच्या अंगाला मात्र उभी दरड. दरडीच्या मध्यावर एक टप्पा होता, चार वाफे बसतील एवढा, आणि तिथे चढायला चिऱ्याच्या पायऱ्या. टप्प्याच्या वर पुन्हा चढ, काजूची झाडं, कुड्याची झुडपं, आणि सगळ्यात वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. सड्यावर चिऱ्यांची एक जुनी खाण होती. आमच्या घराचा दगड न् दगड त्या खाणीतला. माझे बाबा कचेरीत कारकून, पण हे घर त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, गवंड्यांच्या बरोबरीने उभं राहून बांधलेलं. अक्का डोक्यावर चुंबळ ठेवून सड्यावरून चिरे खाली आणायची, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे, आणि अक्का आतून ओरडायची, “सांग, सांग, अजून मान दुखते तिची म्हणून पण सांग हां!”

नात्याने ती माझी आत्या, पण सगळं जग तिला अक्का म्हणायचं म्हणून मीही अक्काच म्हणायची. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आजी-आजोबाही लवकर गेले, तेव्हा बाबांना तिनेच वाढवलं. बाबा बाहेर कोणाचं ऐकत नसत, घरात आईचं तर नाहीच, पण अक्काने “दत्तू” अशी नुसती हाक मारली तरी हातातलं काम टाकून उठत. तिचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि वाडीतल्या पोराबाळांचा खोकला-पडसं-पोटदुखी हा तिचा प्रांत. त्यासाठी वरच्या टप्प्यावर तिने वाफे केले होते. न्हाणीचं पाणी खाली अंगणातल्या केळींना जायचं, पण टप्प्यावर डोंगरातलाच एक झरा पाझरायचा, त्यामुळे तिथे बारा महिने ओल. त्या ओलीवर पुदिना असा माजला होता की पाय ठेवला तरी वास अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. माझ्या लहानपणी अक्का पायऱ्यांवरून शेवाळावर घसरली आणि कमरेत मोडली. तेव्हापासून ती भिंतीला धरून ओटीपर्यंत येई, तेवढंच. टप्पा तिला बंद झाला. मग मागच्या खोलीत तिची खाट खिडकीला लावली, आणि खिडकीतून ती आम्हाला हुकूम सोडू लागली. “शालू, गवती चहाचा तो पिवळा पाला काढ गो. विमल, ओव्याची पानं खालची तोड, शेंडा नको.” विमल म्हणजे माझी आई.

आई खेडची. जगबुडी नदीच्या काठावर तिचं माहेर. पावसाळ्यात नदी बाजारपेठेत शिरायची, आणि धान्याची पिंपं माळ्यावर चढवणं हा त्यांच्याकडे आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, कामांचाच एक भाग असे. त्यामुळे पाण्याची तिला एक निराळीच जाण होती, किंवा निराळीच भीती. दोन्हीतला फरक मला आजही सांगता येणार नाही. बाबा तिची थट्टा करायचे, “हिला ओंजळभर पाणी दिसलं तरी पूर दिसतो.” आई हसायची. ती कमी बोलायची. तिच्या-अक्काच्या नात्यात कुरबुर नव्हती असं नाही, पण दोघींनी मिळून केलेली पुदिन्याची चटणी, तिच्यात कैरी संपली की सुकवलेली आमसुलं, आणि गरम घावनं, हे आठवलं की वाटतं, त्या घरात फार काही बिनसलेलं नव्हतं. पावसात चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडायचा नाही, घरभर रेंगाळायचा. कुळथाच्या पिठीला उकळी फुटायची. पागोळ्या एका सुरात वाजायच्या, आणि त्या सुराखाली, मागच्या खोलीत बसलं तर, डोंगरातल्या पाण्याचा एक बारीक आवाज असे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरांना तो आवाज असतो.

त्या वर्षी आषाढात मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं. लाकूड फुगलं म्हणून बाबांनी सुताराकडून रंधा आणून कड तासली. आठ दिवसांत ते पुन्हा लागेना, आणि या वेळी वरची नव्हे तर खालची बाजू अडत होती. बाबांनी पुन्हा तासली. आई कंदील धरून उभी होती. ती म्हणाली, “अहो, दार नाही फुगलेलं. चौकट कलली आहे.” बाबांनी रंधा खाली ठेवला, चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मी बांधलेली चौकट आहे ही.” 

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अक्काला सांगितलं, “वन्सं, वरचं सगळं फार माजलंय. पुदिना ब्राह्मीला खातोय. थोडं कुंड्यांतून लावून ठेवते.” अक्काला ते पटलं. आमच्याकडे मातीच्या कुंड्या दोनच. मग तुपाचे, रंगाचे, रॉकेलचे मिळतील ते डबे जमवले, त्यांच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, भोकांवर फुटक्या कौलांचे तुकडे ठेवले, आणि शेणखत, माती, भाताचं तूस असं कालवून भरलं. पुदिन्याचे धावते देठ असतात, जमिनीच्या अंगाने सरपटणारे, पांढुरके. त्यांना पेराला पेराला मुळं फुटतात. तसा एकेक वीतभर तुकडा मुळांसकट काढायचा, डब्यात आडवा निजवायचा आणि बोटभर माती ओढायची. पानओव्याचं काहीच नाही, फांदी मोडून खोचली की झालं. गवती चहाच्या जुड्या कोयत्याने फोडायच्या, पात छाटून हातभर ठेवायची, म्हणजे मुळं धरेपर्यंत झाडाला भार होत नाही. आई हे सगळं मला शिकवत होती, आणि मी चिखलात फतकल मारून आनंदाने करत होते. पण माझ्या ध्यानात आलं की आई जिथे पुदिना दाट आहे तिथला काढत नाही. ती टप्प्याच्या मधोमध, एका ओळीत काढते आहे; थोडं उकरते, हात घालून बघते, पुढे सरकते.

मग तिने मला जवळ बोलावलं आणि पानं बाजूला केली. खाली भेग होती. माझी तीन बोटं आत जातील एवढी रुंद, टप्प्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून काहीच दिसत नव्हतं, कारण पुदिना तिच्यावरून पसरला होता. त्याचे पांढरे देठ भेगेच्या या काठावरून त्या काठावर गेले होते, फाटक्या कापडाला घातलेल्या टाक्यांसारखे. आणि ते टाके ताणलेले होते. मी एकावर बोट ठेवलं. तो तंतुवाद्याच्या तारेसारखा ताठ होता.

“आई, हे काय?”

“कोणाला सांगू नकोस अजून,” आई म्हणाली. तिने पानं पुन्हा नीट पसरली, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी.

तिने त्याच दिवशी बाबांना वर नेलं. बाबांनी भेग बघितली. सड्यालगतच्या जमिनीला भेगा असतातच, उन्हाळ्यात तडकते, पावसात बुजते, असं ते म्हणाले. आई म्हणाली, “पाऊस महिनाभर पडतोय. मग बुजली का नाही?” बाबा घमेल्याने माती आणून भेगेत ओतू लागले. पाच-सहा घमेली गेली तरी भेग वरपर्यंत भरली नाही. मग त्यांनी घमेलं पालथं घातलं आणि कचेरीला उशीर होतो म्हणून खाली गेले. आज मला त्यांचा राग येत नाही. ज्याने एकेक चिरा हाताने बसवलाय त्याला, तुझ्या घराखालची जमीन निघाली, हे ऐकायचं म्हणजे काय असतं, ते मला माझं स्वतःचं घर झाल्यावर थोडंसं कळलं.

पुढचे दिवस फार विचित्र गेले. वरून बघता आमचं रोजचंच चाललं होतं. मी शाळेत जायची, बाबा कचेरीत, अक्का खिडकीत. पण आई रोज सकाळी टप्प्यावर जायची आणि एकेक डबा भरून खाली आणायची. ओटीवर डबे, अंगणात डबे, गडग्यावर डबे. येणारी-जाणारी माणसं हसायची, “काय वहिनी, दुकान घालताय काय पुदिन्याचं?” आई म्हणायची, “हवा तर न्या की.” विहिरीचं पाणी, जे भर पावसातही नितळ असायचं, ते तांबडं नाही, पिवळं येऊ लागलं. जांभ्याच्या खालच्या थरात असते तशी चिकण माती त्यात बसायची. टप्प्यावरच्या झऱ्याने जागा बदलली. काजूच्या दोन झाडांनी खाली वाकून अंगणात बघायला सुरुवात केली होती, असं मला वाटायचं, आणि मी त्या बाजूला बघायचं टाळायची.

एके सकाळी मी आईच्या आधी वर गेले. भेगेवरचे देठ तुटले होते. एक नाही, सगळेच. दोन्ही काठांवर त्यांची टोकं लोंबत होती आणि मध्ये आता माझा हात कोपरापर्यंत जाईल अशी फट. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यातला एक तुकडा काढला आणि धावत अक्काकडे गेले. आईने सांगू नकोस म्हटलं होतं ते मी विसरले नव्हते. पण घरात बाबांनी ऐकावं असं एकच माणूस होतं.

अक्काने तुकडा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, तुटलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. तिला त्या वनस्पतीची नस न् नस ठाऊक.

“हा उपटलेला नाही,” ती म्हणाली. “कापलेला पण नाही. ओढून ओढून तुटलाय. कोणी ओढला गो?”

मी सगळं सांगितलं.  अक्काने तो देठ उशाच्या तांब्यात पाण्यात उभा केला आणि म्हणाली, “जा, शाळेला उशीर होईल.”

त्या दिवशी मी शाळेतून आले तर आई दारातच उभी. “चल, वर जाऊन येऊ,” म्हणाली. आम्ही टप्पा ओलांडून, काजूतून चढत सड्यावर गेलो. पाऊस धरलेला होता, बारीक पण न थांबणारा. सड्यावरची ती जुनी खाण दर पावसाळ्यात काठोकाठ भरायची. पोरं तिच्यात पोहायची, म्हशी डुंबायच्या. आठवड्यापूर्वीच ती भरलेली मी स्वतः बघितली होती. आम्ही काठावर उभ्या राहिलो. खाण रिकामी होती. तळाशी चिखल, एक फुटका माठ, आणि चार-दोन ठिकाणी साठलेलं पाणी. वरून पाऊस पडतच होता. भिंतींवर पाण्याच्या जुन्या पातळीची रेघ तळापासून कितीतरी वर, आमच्या पायांजवळ दिसत होती.

आईने मला विचारलं नाही की पाणी कुठे गेलं असेल. तिने फक्त वळून खाली बघितलं. तिथून आमच्या घराची कौलं दिसत होती.

संध्याकाळी तिने ओटीवर बाबांना सांगितलं. ऐकून बाबांचा चेहरा उजळला. “पाणी गेलं ना? मग उलट बरंच झालं. डोक्यावरचा भार उतरला.”

“अहो, ते गेलं कुठे? सड्यावरून वाहून गेलं असतं तर दिसलं असतं. ते आत शिरलंय. डोंगरात.” आईचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “आपण चार दिवस मांडवीला जाऊ. कुंदाकडे मागची खोली रिकामी आहे. पाऊस थांबला की परत येऊ. मी काय मागतेय? चार दिवस!”

कुंदामावशी आईसारखीच खेडची, मांडवीत दिलेली. बाबा म्हणाले, “लोकाच्या खोलीत जाऊन राहू? स्वतःचं घर असताना? उद्या तोंड कुठे दाखवू?” मग ते उठले. “तुला जायचं तर जा. अक्काला मी या पावसातून हलवणार नाही.”

आई आत गेली. मी तिच्या मागे. मागच्या खोलीत अक्का खाटेवर बसून वाती वळत होती. तिने सगळं ऐकलेलं होतं. आई तिच्या पायांशी बसली.

“वन्सं, तुम्ही एकदा हो म्हणा. तुम्ही म्हटलंत तर ते येतील. खुर्चीतून नेऊ तुम्हाला. चार माणसं बोलावते.”

अक्काच्या हातातली वात थांबली नाही. “विमल, तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही. पुदिना खोटं कशाला बोलेल? पण मी खुर्चीतून कुठे जायची नाही. हे घर मी डोक्यावरून आणलंय. इथून मी खांद्यावरूनच जाईन.”

“असं अभद्र नका बोलू.”

“बरं, नाही बोलत. पण तू पोरीला घेऊन जा. मी रागावणार नाही.” मग तिने ओटीच्या दिशेने हाक मारली, “दत्तू! हिला जाऊ दे. भीती वाटली तर माणसाने काय करावं? आणि जाताना हिचे डबे गाडीवर घालून दे. मांडवीच्या त्या खाऱ्या वाऱ्यात काय उगवतंय डोंबल.”

बाबांनी खरंच दुसऱ्या दिवशी हातगाडी आणली आणि एकेक डबा तिच्यावर रचून दिला, आदळू नयेत म्हणून मध्ये पेंढा घालून. आईने निघताना एकच मागणं मागितलं, अक्काची खाट तरी पुढच्या ओटीवर घ्या. बाबांनी होकारार्थी मान हलवली. आम्ही उतरणीवर वळलो तेव्हा मी मागे बघितलं. खिडकीत अक्का हात हलवत होती, नेहमीसारखा भराभर, माशा हाकलाव्यात तसा.

नवरा जिवंत असताना, भांडण नसताना, बाई घरातून निघून आली याची चर्चा तेव्हा किती होत असे ते आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. आता पावसाळ्यात मोबाइलवर सूचना येते, भोंगा लावलेली गाडी फिरते, शाळेत लोकांची सोय करतात. तरी माणसं निघत नाहीत, हे मी दर वर्षी बातम्यांत बघते आणि मला त्यांचं नवल वाटत नाही. तेव्हा तर काहीच नव्हतं. कुंदामावशी चांगली होती, पण तिच्या सासूने दुसऱ्या दिवशीच विचारलं, “मारहाण करतात काय गो तुझे यजमान?” आई नाही म्हणाली. “मग?” आई उठून डब्यांकडे गेली. ती दिवसभर डब्यांपाशी बसायची, वाऱ्याला आडोसा म्हणून तरटं बांधायची. समुद्र इतका जवळ की बोलणं ऐकू येत नसे. पाऊस पडत होता आणि काहीही घडत नव्हतं. रोज संध्याकाळी बाबा कचेरीतून येताना रस्त्यावर उभे राहून चौकशी करून जायचे. आत यायचे नाहीत. आई विचारायची, “खाट हलवलीत?” ते म्हणायचे, “ती ऐकत नाही. पुढे वारा लागतो म्हणते.” प्रत्येक दिवसागणिक आई आपल्याच नजरेत खोटी पडत चालली होती, ते मला दिसत होतं.

मग श्रावणातली उघडीप आली. एका सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन लख्ख, मांडवीच्या वाळूतून वाफ निघत होती. तो सुट्टीचा दिवस होता. बाबा आले, या वेळी आत आले, आणि त्यांच्या हातात पितळी डबा होता. अक्काने बसल्या जागी शेगडी मागवून आमच्यासाठी घावनं केली होती. “तिने सांगितलंय,” बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते आईकडे न बघता डब्यांकडे बघत बोलले, “तिने सांगितलंय, ऊन पडलं, आता या. घर खायला उठतंय म्हणते.” मग म्हणाले, “मलाही.”

आई उभी होती. तिने उन्हाकडे बघितलं. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, “शालू, तरटं सोड. गाडी मिळते का बघा हो.” तिच्या आवाजात हार होती की सुटका, मला ओळखता आलं नाही. बाबा जवळजवळ धावतच गाडी आणायला गेले. आम्ही डबे भरायला घेतले. पुदिन्याला नवे शेंडे आले होते, गवती चहाने पात टाकली होती. कुंदामावशीने चहा केला, आम्ही तो उभ्या उभ्याच घेतला. अर्धी गाडी भरली असेल, तेव्हा तो आवाज झाला. मोठा नव्हता. लांब कुठेतरी धान्याची रास ओतावी तसा, जरासा लांबलेला. कोणी म्हणालं, खाणीत सुरुंग लावला असेल. बाबा म्हणाले, “पावसाळ्यात कुठले सुरुंग?” आणि आपलंच वाक्य ऐकून त्यांचा हात डब्यावर तसाच राहिला.

आईने गाडी सोडली आणि ती चालू लागली. चालत नव्हती, धावत होती, अनवाणी, मोकळ्या हातांनी, आणि तिच्यामागे बाबा, आणि मी. त्या रस्त्यावर ऊन इतकं स्वच्छ होतं की माडांच्या सावल्या कात्रीने कापल्यासारख्या पडल्या होत्या. वळणावर माणसं जमलेली दिसली. त्यांनी बाबांना धरलं.

घराचा पुढचा भाग उभा होता. ओटी, ओटीवरचा झोपाळा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी. त्याच्या मागे घर नव्हतं. टप्पा, काजू, पायऱ्या, सगळं एकत्र खाली येऊन मागच्या खोलीवर बसलं होतं, आणि त्या पिवळ्या चिखलाच्या ढिगातून पाणी वाहत होतं. हवेत पुदिन्याचा वास भरून राहिला होता. इतका, की डोळे चुरचुरत होते.

वाडीतल्या माणसांनी दिवस मावळेपर्यंत उपसलं. अक्का मिळाली. तिला अंगणात आणलं, आईने तिला न्हाऊ घातलं, आणि ती खांद्यावरून गेली.

त्यानंतर आम्ही कुंदामावशीच्या त्याच खोलीत राहिलो, पुढे भाड्याने दुसरी घेतली. गावात आईचं नाव झालं. विमलवहिनींना आधी कळतं म्हणून बायका लग्नाची स्थळं विचारायला येऊ लागल्या, पुदिन्याची काडी मागू लागल्या, अंगारा मागावा तशी. आई काडी द्यायची, पण हात जोडून सांगायची, “मला काही कळत नाही हो.” त्यांना तो विनय वाटायचा.

दिवाळीच्या सुमाराला एकदा जेवायची वेळ झाली होती. आईने पानं घेतली होती. बाबा खिडकीपाशी बसले होते, समुद्राकडे तोंड करून. तसेच बसून ते म्हणाले,

“तुला कळलं होतं. मग आम्हा दोघांना ओढून का नाही नेलंस?”

आईच्या हातात भाताचं पातेलं होतं. ते तिने खाली ठेवलं.

“ओढलं असतं तर आला असतात?”

 बाबा खोटं बोलणारे नव्हते, आणि त्या दिवशीही बोलले नाहीत.

“नाही,” ते म्हणाले.

“आणि मला कळलं होतं म्हणता. मी तर परत निघाले होते. तास-दोन तासांत आपण तिघंही त्या खोलीत असतो, तिच्याभोवती बसून घावनं खात.” आईने बाबांचं पान पुढे ओढलं. “तेव्हा तुम्ही एकट्याने हे वाहू नका. या, जेवून घ्या. भात निवतोय.”

बाबा उठले, हात धुतले, आणि पानावर येऊन बसले.